हरवायचं काम

दर रविवारी मी हरवते.
पॅटरडेलच्या वर, हेदरच्या झुडपांत,
नारिंगी पिशवीत गळ्यापर्यंत शिरून
गप्प पडून राहायचं, एवढंच काम.
थर्मासमध्ये चहा. गळ्यात शिट्टी:
सहा वेळा फुंकायची, मग मिनिटभर थांबायचं,
पण ती खरोखर हरवणाऱ्यांसाठी.

वारा माझा वास खाली नेतो,
कालच्या लसणीच्या फोडणीसकट.
टॅन्सी येते, तोंडावर भुंकते,
उलटी धावत आयरीनला सांगायला जाते:
आहे! इथे आहे! चल!
मग मी चेंडू फेकते. हिशोब मिटला.

फेब्रुवारीत तो माणूस चौथ्या दिवशी सापडला.
टॉर्च, नकाशा, सगळं गाडीत शाबूत.
कुणाला सांगून निघाला नव्हता.
टॅन्सी भुंकली. थांबून पुन्हा भुंकली.
चेंडू कुणी फेकला नाही.

रात्री दहाला आयरीनचा फोन:
"वृंदा, पाच मिनिटं येतेस?
झोपायच्या आधी तिला
उठून बसणारं कुणीतरी सापडू दे."

गाउनवरच कोट चढवला.
चर्चच्या भिंतीमागे, ओल्या गवतात
उकिडवी बसले आहे,
चेंडू कुठल्या खिशात टाकला
ते चाचपत.