टंच

पाळी उरकल्यावरही अंगावरून जात राहिलं
तेव्हा सासू म्हणाली, उष्णता.
धन्याचं पाणी घे, शेगडीपासून लांब बस.
शेगडीपासून लांब बसून
हुपरीत कुणाचं पोट भरलंय?

मी रवा लावते. पैंजणाच्या पट्टीवर
मोहरीहून बारीक चांदीचे दाणे,
चिमट्यानं, एकेक. मग डाक, मग फुंकणी.
एक दाणा सुटला तरी गिऱ्हाईक जोड परत करतं.
सत्तावीस वर्षांची नजर माझी.
याहून बारीक काही असतं
हे तिला ठाऊक नव्हतं.

कोल्हापुरात, राजारामपुरीत, जिन्याखालच्या दवाखान्यात
मुजावर मॅडमनी रिपोर्टच्या पाठीवर पेनानं ठिपके काढले.
गोल, दाटीवाटीचे, एकमेकांवर रेललेले.
म्हणाल्या, त्रिशला, पेशी अशा आहेत. बारीक.
पिशवीच्या तोंडाशी.
नेहमीचा असतो तो वर्षानुवर्षं उंबऱ्यात बसतो,
तपासणीत सापडतो. हा तसा थांबत नाही.
तरण्या बायकांना होतो, तोही फार क्वचित.
लाखात एकीलासुद्धा नाही.

लाखात एक.
हे मी आधी ऐकलं होतं.
पट्टणकोडोलीत, मामाच्या सोप्यात, हातात पोह्यांची बशी,
शीतलच्या आत्यानं माझी हनुवटी वर करून बघितली
आणि म्हणाली, पोरगी लाखात एक हाय.

मला हसू आलं. मॅडम बोलायच्या थांबल्या.
शीतलनं माझा हात दाबला,
त्याला वाटलं मी रडतेय.

पिशवीला तोंड असतं
हे शाळेत कुणी सांगितलं नाही.
रव्याच्या पिशवीला असतं, नाडी ओढली की बंद.
तोंड होतं, तर वर्षभर बोललं का नाही?
बोललं असेल.
पाळी नसताना, कपड्यावर, थोडं थोडं.
आणि मी ते पहाटे मोरीत,
घर उठायच्या आत,
धुऊन टाकलं.

पहिल्या सलाईनच्या दिवशी
शीतलनं नर्सला विचारलं, ह्यात असतं काय?
ती म्हणाली, प्लॅटिनम.
चांदीवाला माणूस. स्टुलावर ताठ बसला.
किती टंच?
नर्सला कळलं नाही. शेजारच्या कॉटवरची
कागलची म्हातारी मात्र
ठसका लागेपर्यंत हसली.
रात्री तो माझ्या पायाशी वही घेऊन बसला,
मिलिग्रॅमचा तोळ्यात हिशोब करत.
म्हणाला, आता तुला कुणी मोडीत काढू शकत नाही बघ.
लग्नाला पाच वर्षं झाली,
यापेक्षा गोड तो काही बोललेला नाही.

फॉर्मवर एक चौकोन होता: मुलं किती.
मी त्यात शून्य काढलं.
घरी कपाटात, वरच्या खणात, कापसात गुंडाळून
वाळ्यांची जोडी होती,
पहिल्या वर्षी त्यानं केलेली, मला न सांगता.
मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं की मला माहीत आहे.
चौथ्या सलाईननंतर खण उघडला
तर नुसता कापूस.
मी विचारलं नाही. पावती
त्याच्या शर्टाच्या खिशात होती,
धुवायला टाकताना मी ती काढून ठेवली, वाळवून.

केस गेल्यावर गल्लीत चौकशी झाली.
आजाराचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना,
सासूच्या तर नाहीच.
ती सांगते, पिशवीचं काहीतरी हाय.
आणि अलीकडे, कुणी फारच खोदलं तर,
माझ्या सुनेचं मला ठाऊक, तू तुझं बघ.

स्कॅन गुरुवारी आहे.

बोटांना मुंग्या येतात.
दाणा चिमट्यात आहे का हे आता बघावं लागतं,
पूर्वी कळायचं.
कानातही वाजतं काहीतरी, बारीक, एकसारखं.
औषधानं होतं म्हणे, काहींचं जात नाही.

काल दुपारी शेगडी विझलेली,
शीतल कोल्हापूरला, गुजरीत,
सासू दळपाला गेलेली,
आणि घरात घुंगरू.
मी पट्टी खाली ठेवली.
भिंत धरत धरत सोप्यापर्यंत गेले
बघायला, कोण आलंय.