शर्ट बाहेर

आगोंद पंचायतीत
सगुण वेळीप हल्ली वाकत नाही.
किनाऱ्यावरच्या तीन बांधकामांना
त्यानेच नोटिसा चिकटवल्या.
आधी फोन आले, मग परवाना आला,
मग शर्ट पँटच्या बाहेर आला.

मी शेजारच्या टेबलावर, घरपट्टीला.
लोखंडी खुर्चीवर काहीतरी ठण्ण वाजतं
तेव्हा आम्ही दोघंही फायलीत बघतो.

आज पियेदाद आली,
नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याला.
पिशवीत हात घातला तिने,
आणि सगुणचा हात कमरेशी.
निघालं रेशनकार्ड,
ओलीने फुगलेलं.

धक्क्याने शिक्का खाली घरंगळला.
सगुण हलला नाही. मीही नाही.
शेवटी तीच गुडघा धरून वाकली,
शिक्का झग्याला पुसला
आणि पुढे धरला,
मूठ त्याच्याकडे करून.