नमुना क्रमांक सतरा

पाच लिटरचा पांढरा कॅन.
पट्टीवर माझंच गिचमिड अक्षर:
तारकोंड, गाबितवाडी, मोंडकरांची विहीर,
सकाळी सात चाळीस, ओहोटी.
प्रकल्प येईल न येईल.
त्याच्याआधी पाणी कसं होतं
एवढं लिहून ठेवायचं, म्हणून ही नोकरी.

एक लिटर आटवायला अख्खी दुपार जाते.
उकळू द्यायचं नाही, शिंतोडे उडतात.
मंद उबेवर, दूध राखावं तसं राखायचं,
आणि शेवटी वाटीच्या तळाला उरते
एक मळकट साय.
नखावर मावेल एवढी विहीर.

ती शिशाच्या डब्यात ठेवून दार लावते.
रिकामा डबा आदल्या रात्रीच मोजून ठेवलेला असतो.
रिकामा डबाही बोलतो.
भिंतीतला चिरा, आभाळातून येणारं काहीबाही,
शिसं स्वतः,
सगळ्यांची थोडी थोडी कुजबुज.
ती वजा करायची.
इथे शून्य कुणालाच मिळत नाही.

सतरा नंबर चढा निघाला.
बीटा, शेजारच्या विहिरींच्या नऊपट.
पुन्हा मोजलं. नऊपट.
हेगिष्टे सर चष्मा पुसत राहिले,
म्हणाले, फोन कुणालाच नको. जीप घे.

पण जीप दुसऱ्यांदा आली
की गाव समजायचं ते समजतं.
मी विहिरीपाशी पोचेपर्यंत
रहाटावरचा दोर कुणीतरी काढून नेला होता.

सत्यवतीबाय पायरीवर सुंगटं सोलत होती.
कॅन कोणी भरला?
"मियाच भरलंय."
धुतला होता?
तिला रागच आला.
"मगे? सरकारी कामाक घाणेरडो डबो देतत काय?
चुलीतल्या राखेन घासलंय, काथ्यो घालून, आतसून."
आणि मग विसळला?
"विसळलंय थोडो. मे म्हयन्यात पाणी फुकट कित्याक घालवूचा?"

राख.
झावळ्यांची, फणसाच्या ढलप्यांची राख.
राखेत पोटॅशियम, आणि पोटॅशियमात
पृथ्वीइतकं जुनं एक चिमूटभर,
जे केळ्यात आहे, समोरच्या समुद्रात आहे,
तिच्या मनगटात, माझ्या मनगटात.
परत येऊन गॅमाच्या आलेखावर पाहिलं:
एकच सुळका, त्याच्या ठरलेल्या जागी.
ती स्वच्छता मोजली होती मी, रात्रभर.

नवा कॅन तिच्यासमोर भरला होता,
त्याच पाण्याने तीनदा विसळून.
वर ॲसिडचे थेंब.
"लिंबू पिळल्यासारख्या दिसता," ती म्हणाली.

दहा दिवसांनी अहवाल: शोधमर्यादेपेक्षा कमी.
पंचायतीत, घरघरत्या पंख्याखाली
मीच वाचून दाखवला.
"म्हणजे नाय?" बाबल खवणेकर.
म्हणजे, असलंच तर आमच्या यंत्राला
दिसणार नाही इतकं.
"म्हणजे आसा."
नाही हो, म्हणजे
आणि मला तो शब्द सापडेना
जो 'नाही'च्या अलीकडे राहतो
आणि 'आहे'च्या दारात पाऊल ठेवत नाही.
"डोळ्याचो डॉक्टर पण अस्सोच बोलता,"
मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.
मीही हसले, कागदाची घडी घातली.

नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं:
कॅन घरचा, राखेने घासलेला.
सर म्हणाले, खोड, हे शास्त्रीय नाही.
एकच रेघ मारली. खालचं वाचता येतं.

दोर अजून रहाटावर आलेला नाही.
बाबलच्या सुना टँकरची वाट बघतात.
सत्यवतीबाय स्वतःचा दोर काखेत घेऊन जाते,
पाणी काढते, दोर गुंडाळून घरी आणते.

परवा एसटीच्या ड्रायव्हरकडून तिने
आगळ पाठवलं माझ्यासाठी.
जुनी बाटली, बुचाला फडकं बांधलेलं.
काच अशी लख्ख
की उन्हात धरली तर आतलं लाल
टेबलावर सांडल्यासारखं दिसतं.
कशाने घासली असेल
ते मला मोजावं लागलं नाही.