बिनखोलीचा खोका

पुरस्काराचा फॉर्म आलाय कुरिअरनं.
नाव : सुनंदा आप्पासो मगदूम.
व्यवसाय : पुठ्ठ्याचे खोके.
पत्ता : कुपवाड एमआयडीसी, पाण्याच्या टाकीमागं.
उलाढाल सीएला विचारून लिहिली.
मग एक मोठी चौकट, कोरी,
आणि तिच्यावर बारीक अक्षरांत :
यशाची तुमची व्याख्या, पन्नास शब्दांत.

बावीस वर्षं चौकोनच बनवत आले.
तीन थरी, पाच थरी,
पंधरा किलो बेदाण्याचा, हळदीच्या पुड्यांचा,
एकदा तर कुणाच्या तरी हार्मोनियमचा.
भरायचं काम नेहमी दुसऱ्याचं.
मी विकते ती आतली पोकळी,
तिला चार भिंती देते, एवढंच.
हा पहिला खोका
जो भरून मागितलाय माझ्याकडं.

भाचा पुण्याहून सांगतो फोनवर,
मावशी, लिही की, शून्यातून सुरुवात केली.
शून्य कुठलं रे?
सासूबाईंच्या पाटल्या होत्या, चार तोळ्यांच्या.
त्यांनी त्या हातातून उतरवल्या साबण लावून
आणि म्हणाल्या, मनगट हलकं झालं बाई.
इचलकरंजीहून जुनं स्टिचिंग मशीन आणलं,
टेम्पोत त्याला धरून बसले होते मी
आजारी माणसाला धरावं तसं.

एका हंगामात हलका कागद घेतला,
किलोमागं साडेतीन रुपये वाचत होते.
सावळजच्या कोल्ड स्टोरेजमधनं फोन आला :
वरचे ठीक आहेत, बाई. तळातले बसले.
जाऊन बघितलं.
थप्पीच्या तळाचा खोका गुडघे मोडून बसलेला,
फाटक्या कोपऱ्यातून बेदाणा सांडत होता
हिरवागार.
वर आठ खोके ताठ. त्यांना काही ठाऊकच नव्हतं.
अकराशे खोके परत आणले, स्वतःच्या भाड्यानं.

तेव्हापासून नवा कागद आला
की पहिला खोका जमिनीवर ठेवते,
चप्पल काढते
आणि वर उभी राहते. एकसष्ट किलो.
रत्नाक्का म्हणते, त्रेसष्ट झालंय,
खोका लाजतोय सांगायला, म्हणून मी सांगते.

रत्नाक्काला साडेपाचला नात आणायची असते शाळेतनं.
म्हणून बेळगावच्या कंपनीची रात्रपाळीची ऑर्डर
मी नको म्हणाले.
म्हणजे तेवढ्यासाठीच नाही.
मलाही झोप लागते आता, खरं सांगायचं तर.
बँकेतला साहेब म्हणाला, मॅडम, ग्रोथ?
मी म्हटलं, चहा घेणार का?

आणि दस्तगीर मुजावर.
अकरा वर्षं होता माझ्याकडं,
क्रीज कुठं मारायची ते बोट फिरवून सांगायचा.
गेल्या दिवाळीत त्यानं स्वतःची शेड टाकली,
दोन गल्ल्या सोडून,
जाताना माझी दोन गिऱ्हाइकं नेली.
चार दिवस त्याचं नाव घेतलं नाही.
पाचव्या दिवशी दारात हजर :
आक्का, खळ धरत नाही. गुठळ्या होतायत.
गेले. शिव्या घालत घालत गेले.
गार पाण्यात कालव आधी, गाढवा,
मग सोड उकळत्यात.
कोपरापर्यंत खळ लावून ढवळून दिली.
निघताना पाटी बघितली त्याच्या दारावरची,
निळी. माझ्या पाटीचाच निळा.
डोळ्यात काहीतरी गेलं, कागदाची भुकटी असेल.

हे कुठल्या रकान्यात घालू?

रात्री लिहायला बसले.
सतरा शब्द झाले. खोडले.
सवयीनं पट्टी लावली चौकटीला,
लांबी सहा इंच, रुंदी अडीच.
खोली नाही.
बिनखोलीच्या खोक्यात काय राहणार?

तेवढ्यात आटपाडीचा फोन,
डाळिंबाचे खोके, दोन हजार, भोकं पाडून, गुरुवारी पाहिजेत.
हाताला तोच कागद लागला.
पाठकोऱ्या बाजूला मापं उतरवून घेतली.

आता फॉर्म ऑर्डरींच्या खिळ्यावर अडकलाय.
दोन हजार काही मला एकटीला झेपत नाहीत गुरुवारपर्यंत.
सकाळी दस्तगीरकडं जाऊन येते.