कोप

सेन सेपच्या कालव्यातलं पाणी
उकळत ठेवून विसरलेल्या चहासारखं.
चौदा बातात बँकॉक
या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं,
म्हणून मी रोज जाते.
वर पुलावर गाड्या एकमेकींकडे बघत उभ्या,
खाली आम्ही:
दप्तरं, पालकाच्या जुड्या, इस्त्रीचे शर्ट,
खोक्यातला एक नवाकोरा मिक्सर
आणि निळी ताडपत्री,
जिची दोरी कडेला बसणाऱ्यानं ओढायची,
पाणी उडायच्या आत.

दुसऱ्याच दिवशी हे काम माझ्याकडे आलं.
उशीर झाला की मागून कुणीतरी "ओय!" म्हणतं.
परक्या शहरात आपल्याला एखादं काम असावं
याहून स्वस्त चैन मला माहीत नाही.

माझी वही तळहाताएवढी आहे.
पलंग, दोनशे ऐंशी. (वरचा. खालचा वीसनं महाग.)
पाणी, सात.
शेवयांचं सूप, पन्नास.
देवळाबाहेरून पाहिलं, शून्य.
काटकसर हा माझा एकुलता एक माज;
रात्री शिडी चढून जाते
आणि बेरीज बघत झोपते.

तिकिटं फाडणारी बाई आत येतच नाही.
होडीच्या बाहेरच्या कडेवर, चार बोटं रुंद,
डोक्याला हेल्मेट, एक हात दोरीला,
ती चालते. चालते म्हणजे काय, वाहते.
होडी धक्क्याला टेकते
नावडत्या पाहुण्याशी हात मिळवावा तेवढीच,
त्याआधी हिची उडी पडलेली असते.

शेवटच्या धक्क्यावर, वाट श्रीबूनरूएंगला,
ती जेवायला बसली होती.
चिकट भाताचा गोळा बोटांनी वळत होती
माझ्या मावशीसारखा, पण घाईत.
मी नाव विचारलं. ती म्हणाली, "कोप."
किल्ल्यांना लटकलेला रबरी बेडूक दाखवला:
कोप. हा.
मला हसू आवरेना.
आमच्याकडे कोप म्हणजे, कसं सांगू,
मी भुवया ताणल्या, नाकपुड्या फुगवल्या.
तिनं धक्क्यावरच्या सगळ्यांना बोलावून
ते तोंड मला पुन्हा करायला लावलं.

मग तिच्या फोननं मला मराठीत विचारलं,
अगदी वाहिनीवरच्या निवेदिकेच्या आवाजात,
"आपण दिवसाला किती खर्च करता?"
मी ऐटीत वही पुढे केली.
आकडे तिला वाचता येत होते.
सहाशे चाळीस.
तिनं भात गिळला.
तिच्या दिवसाचे किती, हे तिनं सांगितलं नाही,
बोटानं माझ्या बेरजेत
जरा वरच एक रेघ मारली:
इथवर.

मला वाटलं, आता काहीतरी जड होणार.
मी चेहरा तयारही केला.
पण तिचं बोट वर सरकत सरकत
एका ओळीवर अडलं.
आंबा, साठ.
"साठ?"
"फेंग!" ती ओरडली. महाग!
भुवया ताणल्या, नाकपुड्या फुगल्या.
पलीकडच्या फळवालीला तिनं माझी वही दाखवली,
फळवालीनं चपलेच्या दुरुस्तीवाल्याला,
आणि तिघांनी मिळून
मला न दिसलेल्या, प्रतूनामच्या त्या आंबेवाल्याचा
मनसोक्त उद्धार केला.
पाण्याच्या कडेची घोरपड तेवढी
मान वळवून निघून गेली.
आंबा मिळाला पंचवीसला. कोयीपर्यंत गोड.
तिनं स्वतः माझ्या वहीत लिहिलं: २५,
आणि साठावर काट मारली,
जणू कालचे पैसे परत आले.

आज सकाळी तिनं मला ओळखलं.
भुवई उडवली, हात पुढे केला.
चौदा.
मी सुट्टे चौदा मोजून दिले.
ओळखीत सूट नाही;
जन्मभर सूट मागत आलेली मी,
मला ते का आवडलं, वहीत लिहिता येईना.

पूल आला. छप्पर खाली सरकलं,
सगळ्यांनी माना घातल्या, मी दोरी ओढली.
ताडपत्रीच्या फटीतून दिसली ती,
बाहेरच्या कडेवर गुडघे दुमडून,
काँक्रीटपासून हेल्मेट वीतभर खाली,
बेडकासारखी बसून
नाणी मोजत.