नात्याचा रकाना

सकाळी अकरा व्हिसे, एक हरवलेला पासपोर्ट,
मग जे.जे.च्या शवागारातून फोन:
माझगाव गोदीत खलाशी गेला, तुमच्या देशाचा.

दारात वाणिज्यदूत बाईंनी विचारलं,
"सुखटणकर, इथे चपला काढायच्या का?"
नको म्हटलं.
तरी त्या पाय पुसून आत गेल्या.

टेबलामागचा माणूस, मान वर न करता:
"मयताशी नातं?"
मी भाषांतर केलं.
पर्समध्ये देशाचा शिक्का होता.
त्या बघत राहिल्या
अंगठ्याला बांधलेल्या चिठ्ठीकडे,
नावात दोन चुका.

"गाववाले," मीच सांगून टाकलं.
"कुठलं गाव?"
"लांबचं."
त्याने लिहून घेतलं, सही कुठे ते दाखवलं.

परतताना बाई तो शब्द तोंडात घोळवत होत्या
थेट चर्चगेटपर्यंत.
व्हिसाची रांग अजून उभी होती.