दोरी

गळा मापायची दोरी आमच्याकडे खिळ्याला असे,
स्वयंपाकघरात, चीज गाळायच्या फडक्याशेजारी.
दर ईस्टरला बाबा ती लुदिवीनच्या मानेभोवती फिरवत
आणि टोकं भेटतील तिथे गाठ मारत.
सात वर्षांच्या सात गाठी,
सातवी दोरीच्या अगदी शेवटाला.
"पुढच्या वर्षी दुसरी दोरी लागेल,"
बाबा म्हणाले, कालवडीविषयी बोलावं तसं.

आमच्या खोऱ्यात गळे असेच.
बायका काळ्या मखमलीची पट्टी बांधत,
पुरुष वरचं बटण उघडं ठेवत
आणि विषय हवापाण्यावर नेत.
हिमनदीने आमची माती
करपलेल्या तव्यासारखी खरवडून काढलेली.
तिच्यातलं आयोडीन कधीच ऱ्होनच्या पाण्याबरोबर
समुद्राकडे नांदायला गेलं होतं.

मग डॉक्टर सावियो खेचरावरून आला.
चुलीतला कोळसा घेऊन त्याने आमच्या टेबलावर
एक डोकं काढलं, खाली मान,
मानेत फुलपाखरू.
"कवटीच्या तळाशी," तो म्हणाला, "वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे.
ती या फुलपाखराला हाक मारते.
फुलपाखरू रक्तातून आयोडीन वेचतं,
त्याचा रस करतं, कणाकणाने, रक्तातच सोडतं.
त्यावर हृदय चाल धरतं, बोटांना ऊब येते,
पोटातल्या पोराचा मेंदू घडतो.
रस पुरेसा झाला की वाटाण्याला कळतं.
तो हाक आवरती घेतो."

"आणि आयोडीनच नसेल तर?"
आईने विचारलं. तिचे हात पिठात होते.

"तर रस पोचत नाही, आणि हाक चढत जाते.
गळ्याला नाही म्हणता येत नाही, बाई.
माल नसलेला कारखाना तो वाढवत सुटतो,
खोलीला खोली जोडतो, रात्रपाळी लावतो,
सगळे माग रिकामे."

"म्हणजे पोरगी फारच आज्ञाधारक म्हणायची,"
आई म्हणाली.
डॉक्टर हसला नाही.

फेब्रुवारीत मिठाची पोती आली,
त्याच्या अंगणात फावड्याने मिसळलेली.
फिलिबेर्त काकूने ते मीठ आधी शेळीला चाटवलं,
तीन दिवस शेळीकडे पाहत बसली,
मग स्वतःच्या सुपात चिमूटभर.
चव तीच. काही म्हणजे काही वेगळं नाही.

त्या ईस्टरला दोरी सातव्या गाठीवर थांबली.
त्याच्या पुढच्या ईस्टरला टोक गाठीच्या पुढे आलं,
बोटभर.
बाबांनी पुन्हा मापलं. मग मला मापायला लावलं.
खाल्ल्या मिठाला लुदिवीनचा गळा जागला होता,
पूर्ण नव्हे, पण लग्नाच्या फोटोत पट्टी सैल दिसते.

तेओदूल मात्र चुलीजवळ, तसाच.
माझा थोरला भाऊ, चोवीस वर्षांचा,
बाकावर बसला की पाय जमिनीला टेकत नसत.
ऐकू येत नसे. एकच आवाज काढी,
दार करकरावं तसा.
डॉक्टरने त्याची जीभ पाहिली, गुडघे पाहिले,
आणि आईकडे न बघता म्हणाला,
"याला मीठ हवं होतं ते जन्माच्या आधी. तुमच्याकडून."
आईने पिठाचा हात तसाच
स्वतःच्या मखमलीवर नेला.
पट्टीवर पाच पांढरी बोटं उमटली.
ती पट्टी तिने पुन्हा धुतली नाही.

लुदिवीनला मुलगी झाली, चौथ्या हिवाळ्यात.
रडली तेव्हा खालच्या गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.
आम्ही सगळे हसलो, आणि कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
तेओदूल बाकावरून घसरत खाली उतरला,
पाळण्यापाशी आला,
आणि गायीच्या गळ्यातली घंटा धरावी
तसा त्याने तिच्या गळ्यावर तळवा ठेवला.

पोरगी ओरडतच होती.
तो डोळे मिटून उभा राहिला बराच वेळ,
आणि त्याच्या हाताला
हाक लागली.